नवी टॉर्च घेऊन देवगिरी, पितळखोरा, मामाचं शेत आणि अंतूर

शुक्रवार : देवगिरीची अंधारी

घरातल्या भिंतीवर मारून बघितली तर कुठलीही टॉर्च भारीच वाटते, म्हणून नवीन घेतलेली जरा दमदार टॉर्च खऱ्या अंधारात, चिखलात, थंडीत वापरून बघायची हे आधीच ठरलेलं होतं. जानेवारीत सुट्ट्या जोडून आल्या आणि मी आणि माझा मित्र दोन बाईकवर संभाजीनगरहून सकाळीच निघालो. माझी टॉर्च साधारण साडेतीन हजारांची, आत 21700 मापाचा एक सेल, अॅल्युमिनियमची बॉडी, डब्यावर 1200 लुमेन (एकूण उजेड), 250 मीटर (उजेडाचा पल्ला) आणि आयपी 68 (धूळ-पाण्यापासून बचाव) असं छापलेलं. मित्राकडे त्याची जुनी 18650 वाली, लुमेन माझ्यापेक्षा खूप कमी, पण उजेड जरा पिवळसर, 4000 केल्विनचा आणि रंग नीट दाखवणारा. दोन्ही सोबत होत्या म्हणून तुलना आपोआप होत गेली.

देवगिरी शहरापासून पंधरा-सोळा किलोमीटर. रस्त्यात पेरूवाल्या मावशी बसलेल्या, दौलताबादचे पेरू या दिवसांत खावेत तर इथंच, मीठ-तिखट लावून दोघांनी किलोभर संपवले. चांद मिनार, भारतमाता मंदिर, मेंढा तोफ हे सगळं बघत खंदकावरच्या लोखंडी पुलापाशी पोचलो आणि तिथून पुढं अंधारी.

अंधारी म्हणजे कातळाच्या पोटातून वर चढत जाणारी कोरलेली वाट. पायऱ्या सारख्या उंचीच्या नाहीत, मध्येच वळण, मध्येच छत खाली येतं, आणि वटवाघळांचा वास असा की पहिली दोन मिनिटं रुमाल नाकावरून हलत नाही. शत्रू आत शिरला तर अंधारात चाचपडत राहावा म्हणूनच ही रचना. मी आत शिरताच उत्साहात टर्बो, म्हणजे सगळ्यात जोरदार उजेड मारला आणि दोन मीटरवरच्या भिंतीवरून तो पांढराफेक उजेड थेट डोळ्यांवर परत आला, पायाखालची पायरीच दिसेना. मागून एक गाईड चाचा पर्यटकांचा ग्रुप घेऊन येत होते, त्यांच्या हातात छोटी पिवळ्या उजेडाची टॉर्च. ते शांतपणे म्हणाले, "ऊपर मत मारो भाई, नीचे मारो. चमगादड़ भी परेशान, आप भी परेशान."

मग अगदी लो मोडवर आणली, उजेड पायांवर ठेवला, आणि खरं सांगतो अंधारी तेव्हा दिसायला लागली. छिन्नीचे घाव, भिंतीचा ओलसरपणा, पायरीची झिजलेली कड, सगळं. डोळ्यांना अंधाराची पूर्ण सवय व्हायला वीस-तीस मिनिटं लागतात आणि एकदा टर्बो मारला की ती सवय लगेच मोडते. बंद जागेत 10-20 लुमेन भरपूर होतात. म्हणून टॉर्च घेताना जास्तीत जास्त लुमेन किती हे विचारता तसं कमीत कमी किती हेही विचारा, बऱ्याच टॉर्चचा लो मोडच 80-100 लुमेनचा असतो आणि तो गुहेत, तंबूत, नकाशा वाचायला फार होतो.

अंधारीतून वर आल्यावर मोकळ्यावर टर्बोची गरमी तपासली. हातात धरून चालू ठेवली तर दोन-तीन मिनिटांत बॉडी चांगलीच तापली आणि उजेड आपोआप खाली आला. हा बिघाड नाही, एलईडी आणि सेल वाचवायला आतलं सर्किटच तसं करतं. पण याचा अर्थ डब्यावरचे 1200 लुमेन थोड्या वेळाचे पाहुणे आहेत. तापमान स्थिरावल्यावर टॉर्च किती उजेड देत राहते तोच तिचा खरा आकडा, माझ्या अंदाजानं हिचा चारशेच्या आसपास. थंडीत हे हाल, तर मे महिन्यात आपल्याकडं 42-43 डिग्रीला काय होईल ते ओळखा. उन्हाळ्यात टॉर्च गाडीच्या डिकीत अजिबात ठेवू नका, लिथियम सेलला उष्णता सगळ्यात जास्त मारते.

वर बारादरीपर्यंत जाऊन आलो, वाऱ्यानं कान बधिर झाले. मुक्काम वेरूळला. रात्री ढाब्यावर शेवभाजी, बाजरीची भाकरी, ठेचा. (वेरूळ मंगळवारी बंद असतं आणि अजिंठा सोमवारी, दोन्ही जोडून करणाऱ्यांची इथं हमखास गडबड होते.)

शनिवार : पितळखोरा आणि रात्रीचं पाणी

सकाळी कन्नडच्या बाजूनं पितळखोरा गाठलं. गौताळा अभयारण्यातली ही लेणी, इसवी सनाआधीच्या काळात सुरू झालेली, म्हणजे अजिंठ्याच्या सगळ्यात जुन्या लेण्यांच्या जोडीची. तरी आम्ही गेलो तेव्हा आमच्याशिवाय फक्त एक चौकोनी कुटुंब आणि पहारेकरी. पठारावरून पायऱ्यांनी दरीत उतरायचं. पावसाळ्यात समोर धबधबा असतो, आत्ता ओढ्यात नुसती डबकी. हत्तींची रांग, ढाल घेतलेले द्वारपाल, सगळं उघड्यावर, उन्हात मस्त दिसतं.

टॉर्चचं काम लागलं चैत्यगृहात. तिथल्या अष्टकोनी खांबांवर चित्रांचे अवशेष आहेत. पहारेकरी दादांना विचारलं, ते म्हणाले लांबून आणि थोडाच वेळ मारा. आधी माझी लो मोडवर. चित्रातली माणसं कळत होती पण अंगाचा रंग राखाडी, आजारी दिसत होता. मग मित्राची. त्याच खांबावर गेरूचा तांबडा उठून आला, त्याच्याशेजारी एक फिकट हिरवट रेघ होती ती माझ्या उजेडात नव्हतीच. दोघं पंधरा सेकंद नुसते बघत राहिलो. रंग किती खरे दिसतात त्याचा आकडा सीआरआय. बहुतेक झगझगीत टॉर्चचा तो 70 च्या आसपास असतो, 90 च्या वरची एलईडी घेतली की लुमेन थोडे कमी होतात पण रंग परत मिळतात. आणि हे फक्त चित्रांपुरतं नाही, पाचोळ्यातला तपकिरी साप आणि तपकिरी काटकी यातला फरकसुद्धा याच उजेडात कळतो, हे मला त्याच रात्री दिसलं.

एक सूचना, इथल्या कड्यांना आग्या मोहोळं असतात. त्यांच्यावर उजेड मारू नका, धूर करू नका, अत्तर फवारून जाऊ नका.

दुपारनंतर मामाच्या शेतावर, कन्नडच्या अलीकडं. मामींनी पाणी देता देताच सांगितलं, "जेवू नका आता, हुरडा हाय." शेतात आगटी पेटलेली, गोवऱ्यांच्या निखाऱ्यावर कणसं, मामेभाऊ हातावर चोळून गरम दाणे पुढ्यात टाकतोय, सोबत तिळाची चटणी, लसणाची चटणी, गूळ, दही. ज्वारी गूळभेंडीची, मामा खास हुरड्यापुरते चार तास (ओळी) लावतो. अंधार पडेस्तोवर आम्ही खातच होतो आणि थंडी अशी की आगटी सोडून उठवेना.

पण उठावं लागलं, कारण गहू पोटरीत आलेला आणि या आठवड्यात त्यांच्या फीडरला रात्रीची पाळी. शेतातली थ्री फेज लाईट कधी दिवसा, कधी रात्री. रात्रीची असली की अख्खं गाव मध्यरात्री शिवारात. शहरात बसून आपण आउटडोअर टॉर्चचे रिव्ह्यू बघतो, पण या भागात रोजच्या वापराचं आउटडोअर म्हणजे हेच आहे, आणि टॉर्च कशी असावी हे या माणसांइतकं कुणालाच कळत नाही असं माझं ठाम मत झालंय.

दहाच्या पुढं लाईट आली. विहिरीवर गेलो तर मोटर चालू होईना, फ्यूज गेलेला. माझ्या टॉर्चच्या बुडाला मॅग्नेट आहे, ती स्टार्टरच्या लोखंडी पेटीला चिकटवली, मेन स्विच पाडला, आणि मामाला दोन्ही हात मोकळे मिळाले. एरवी ते बॅटरी मान आणि खांद्यात दाबून हे काम करतात. मामा म्हणाले, "हे बेस हाय बरं का." इथंपर्यंत माझी टॉर्च पास.

मग दारं धरायला सुरुवात. मामा गमबूट, कानटोपी, हातात फावडं, कपाळावर आठवडी बाजारातून घेतलेली हेडलाईट. एक वाफा भरला की माती ओढून दार बंद, पुढचं मोडायचं. चिखलानं हात भरलेले. मी म्हटलं आता माझी वापरून बघा. मामानं हातात घेतली, अंगठा फिरवला, परत फिरवला. "कामून रं, याचं बटण कुठंय? सापडंना गेलंय." बाजूचं गुळगुळीत बटण बॉडीच्या बरोबरीनं बसवलेलं, चिखलाच्या बोटाला त्याचा पत्ताच लागत नाही. लागलं तर दोनदा दाबलं गेलं आणि टर्बो, तीनदा दाबलं गेलं तर लुकलुकणारा स्ट्रोब. मित्राच्या टॉर्चचं शेपटाकडचं रबरी बटण मामांना पहिल्या फटक्यात सापडलं. टॉर्च बघायला दुकानात गेलात तर डोळे मिटून, हात ओला करून किंवा हातमोजा घालून बटण शोधा, दुकानदार काय म्हणेल ते म्हणू दे.

थोड्या वेळानं बांधावरून पुढं निघालो, पुढं मामा, मागं मी. माझी टॉर्च कमरेजवळ, मिडियमवर, उजेड जमिनीला जवळजवळ समांतर. मामाच्या हेडलाईटचा उजेड एका जागेवरून सरकून पुढं गेला आणि माझ्या उजेडात तिथंच काहीतरी जाड, गोल सावली पडलेली दिसली. मी "मामा थांबा" म्हणालो. घोणस होती, बांधाच्या कडेला पाचोळ्यात वेटोळं करून, पाठीवरची साखळी स्पष्ट. मामा दोन पावलं मागं आले, लांबूनच फावडं जमिनीवर दोन-तीनदा आपटलं आणि आम्ही उभे राहिलो. ती सावकाश उसात निघून गेली. मारायचा विषयच कुणी काढला नाही. थंडीत घोणशीची जोडीची वेळ असते म्हणून त्या जास्त दिसतात, मामेभाऊ सांगत होता.

हेडलाईटला ती का दिसली नाही याचं कारण साधं आहे. उजेड डोळ्यांच्या शेजारूनच निघत असला की वस्तूची सावली वस्तूच्या मागं लपते, सगळं सपाट दिसतं. उजेड कमरेवरून तिरपा आला की प्रत्येक ढेकळाला सावली येते आणि उंचसखल कळतं. म्हणून कामाला हेडलाईट आणि चालायला हातातली, दोन्ही पाहिजेत. आणि काही झालंच तर दोरी बांधत, मांत्रिक शोधत बसू नका, 108 ला फोन आणि सरळ सरकारी दवाखाना. नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चारही सापांवर चालणारं औषध एकच आहे आणि त्यात वेळ सगळ्यात महत्त्वाची.

हेडलाईटचा एक फायदा मात्र मला अजिबात माहीत नव्हता. मामांची हेडलाईट कपाळाला लावून गव्हाकडं बघितलं तर वाफ्यात बारीक बारीक हिरवट-निळे ठिपके चमकत होते, दवासारखे, पण हलत होते. जवळ जाऊन बसलो, एका ठिपक्यावर नजर ठेवली, तर कोळी! जमिनीवर शिकार करणारा लांडगा कोळी, हरभऱ्याच्या दाण्याएवढा. त्याच्या डोळ्यांत मांजरासारखा उजेड परतवणारा थर असतो, तो परत येणारा उजेड दिसायला दिवा आपल्या डोळ्यांलगत पाहिजे. अख्ख्या वाफ्यात शेकड्यांनी होते. मामा म्हणाले, "असू दे, किडे खातेत ते." मी आणि मित्र दोघं चिखलात बसून लहान पोरांसारखे ते बघत राहिलो.

लांबचा उजेड खांबांवर मोजला. मामाच्या शिवारात लाईटच्या दोन खांबांत साधारण 50 मीटर, पावलांनी मोजून घेतलं. दुसऱ्या खांबापर्यंत, म्हणजे 100 मीटरला, माणूस कोण आहे ते कळतं. तिसऱ्याजवळ दोन डोळे चमकले आणि माझ्या पोटात गोळा आला, कारण हा बिबट्याचा भाग. मामा बघून म्हणाले, "कोल्हं हाय ते, बग किती खाली हायेत डोळे, अन् जागचं हलतंय कसं." पाचवा खांब नुसता आहे एवढंच समजतं. डब्यावरचे 250 मीटर खोटे नाहीत, पण त्याची व्याख्या समजून घ्या. ज्या अंतरावर उजेड 0.25 लक्स उरतो, म्हणजे पौर्णिमेच्या चांदण्याएवढा, ते अंतर डब्यावर छापतात. अंतर निम्मं केलं की उजेड चौपट, म्हणून कामाचं अंतर छापलेल्याच्या निम्मं धरावं. कँडेला (झोताची तीव्रता) दिलेले असतील तर त्याचं वर्गमूळ काढून दुप्पट करा, 10000 कँडेला म्हणजे 200 मीटर. लुमेनवरून लांबी कळतच नाही, पसरट बीमची 2000 लुमेनवाली अंगणात दिवस पाडेल पण तिसरा खांब दाखवणार नाही.

सेलचं गणितही असंच. माझा 5000 एमएएचचा, 3.6 व्होल्ट, म्हणजे 18 वॉट-अवर. 300 लुमेनला तीन वॉटच्या आसपास लागतात, म्हणजे सहा तासांची अपेक्षा. चालू ठेवली साडेदहाला, पहाटे चारनंतर लगेच मंद झाली. हिशोब जुळला. डब्यावर मात्र आठ तास, कारण उजेड सुरुवातीच्या दहा टक्क्यांवर येईपर्यंतचा वेळ मोजतात आणि शेवटचा तो मिणमिणता तासही त्यात धरतात. आणि बाजारात 18650 च्या सेलवर 9900 एमएएच लिहिलेलं दिसलं तर हात लावू नका. त्या आकाराच्या चांगल्या सेलमध्ये 3500 च्या आसपास बसतात, 9900 बसूच शकत नाहीत.

मामांनी विचारलेला प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा होता, "चार्जिंग संपली, घरी लाईट न्हाई, मग?" माझी टाईप-सीनं पॉवरबँकवर चार्ज होते आणि सेल काढून दुसरा टाकता येतो. सेल आतच पक्का बसवलेल्या टॉर्च शेतकऱ्यानं तरी घेऊ नयेत.

रविवार : हौद, धुकं आणि अंतूर

झोपायच्या आधी दोन्ही टॉर्च जनावरांच्या हौदात टाकून ठेवल्या होत्या, बंद आणि पूर्ण गार करून. गार करणं गरजेचं, गरम टॉर्च गार पाण्यात टाकली की आतली हवा आकसते आणि ओ-रिंगमधून (आट्यांजवळच्या रबरी कड्यातून) पाणी आत ओढलं जातं, आयपी 68 असली तरी. सकाळी काढल्या. माझी कोरडी ठाक. मित्राच्या काचेआत वाफ धरलेली, उघडली तर ओ-रिंग कडक होऊन चिरलेली. दहा-वीस रुपयांचा रबर, वर्षातून एकदा बदलायचा आणि आट्यांना सिलिकॉन ग्रीस लावायचं, बस. व्हॅसलिन लावू नका, काही रबर त्यानं फुगतात.

निघालो तेव्हा दाट धुकं. बाईक पुढं ढकलत रस्ता शोधताना माझ्या पांढऱ्या उजेडाची समोर नुसती भिंत तयार झाली, मित्राची पिवळसर, गुडघ्याजवळ धरलेली, जास्त कामाची. मामींनी बांधून दिलेलं पिठलं-भाकरी, जवसाची चटणी पाठीवर.

अंतूरला नागापूरकडून जायचं, शेवटचा रस्ता कच्चा आणि खडखडीत. किल्ल्याच्या वाटेवर फारसी अक्षरं कोरलेला जुना मैलाचा दगड आहे, त्यावर कुठल्या दिशेला कुठलं गाव ते लिहिलेलं, लोक त्याच्याशेजारून निघून जातात. तिरपा उजेड मारला की झिजलेली अक्षरं भर दिवसा सावलीत उठून येतात, हाताचा आडोसा करून बघा. किल्ल्याची तटबंदी अजून दणकट, कातळात कोरलेला खंदक, एकामागोमाग दरवाजे, आत तलाव. दरवाजाच्या देवड्यांत आधी लो मोडवर कोपरे बघून घेतले. तिथल्या फरशीवर माझी टॉर्च मुद्दाम कमरेएवढ्या उंचीवरून पाडली, कारण पडण्याची चाचणी कंपन्याही एक मीटरवरून काँक्रीटवरच करतात. तोंडावर पाडली, बुडावर पाडली, आडवी पाडली. कडेला रंग उडाला, उजेड तसाच. बुडावर पडल्यावर एकदा बंद झाली, झाकण घट्ट पिळल्यावर सुरू. आटे सैल होतात, डोंगरात जाताना हे लक्षात ठेवा.

तलावाकाठी भाकरी खाल्ली. तिथं गुरं घेऊन आलेले एक बाबा भेटले, पिठलं पुढं केलं तर त्यांनी त्यांच्याकडचा कांदा फोडून दिला. म्हणाले पावसाळ्यात या, तेव्हा ढग खाली आणि तुम्ही वर. हा सगळा अभयारण्याचा भाग, अंधार पडायच्या आत बाहेर पडायचं, त्यामुळं टॉर्च कितीही चांगली असली तरी इथं रात्र काढायचा बेत करू नका.

परतताना मामाच्या घरी टॉर्च ठेवून आलो, जास्तीचा सेल पण दिला. बटणाभोवती मामेभावानं सायकलच्या ट्यूबचा रबर कापून बसवला, मध्ये भोक पाडून, आता चिखलाच्या बोटालाही जागा लागते. मंगळवारी त्याचा फोन आला, उरलेला गहू त्याच उजेडात भिजला, पण मामांना आता कपाळाला लावायची, मान हलवता येणारी, सेल बदलता येणारी आणि मोठ्या बटणाची पाहिजे. पिवळसर उजेडाचीच बघ, असं त्यांनी स्वतःहून सांगितलंय.